उन्हं उतरेपर्यंत
(घरात खेळायच्या उन्हाळी खेळांच्या संग्रहाची प्रस्तावना)

सुट्टीत मुलांचं काय करायचं, हा प्रश्न खरं तर दुपारचा आहे. सकाळ कशीही निभावते. उशिरा उठणं, दुधावरून कुरकुर, अंघोळीची टाळाटाळ यात अकरा वाजतात. संध्याकाळी खाली चार पोरं जमली की जेवणाची हाक मारूनही ती वर येत नाहीत. अडतं ते मधल्या वेळेत, साडेअकरा ते साडेपाच. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, जळगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो, कधी त्याच्याही पुढे जातो. त्या वेळात दार उघडायचीही सोय नसते. कूलरमध्ये पाणी ओतायचं आणि खिडक्या लावून बसायचं. मुंबई-कोकणात पारा इतका चढत नाही, पण घामाने माणूस हैराण होतो आणि कुणी मुलांना खाली सोडत नाही. मग दर वीस मिनिटांनी तो सवाल येतो : ‘आता मी काय करू?’

हे पुस्तक त्या पाच-सहा तासांपुरतं आहे. मुलांचा सर्वांगीण विकास, सुप्त गुणांना वाव वगैरे मोठ्या गोष्टी त्यात नाहीत.

त्या मोठ्या गोष्टींसाठी बाजार उघडा आहेच. एप्रिलच्या मध्यापासून वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रकं पडायला लागतात. व्यक्तिमत्त्व विकास, वैदिक गणित, मातीकाम, रोबोटिक्स, आणि या सगळ्याला एकच प्रमाणपत्र. शिबिरांवर माझा राग नाही. काही फार चांगली असतात, मुलांना तिथे मित्र मिळतात. पण बहुतेक शिबिरं सकाळी दोन तास चालतात आणि मूल बरोबर दुपारच्या तोंडावर घरी परत येतं. शिवाय मुलांना रमवणं म्हणजे कुणीतरी त्यांना द्यायची सेवा आहे, अशी आपली समजूत ती नकळत करून देतात. मग घरातही आई शिबिरसंचालक होते. मोबाइलवर बघून पुठ्ठे कापून ठेवते, चमकी, डिंक, आइस्क्रीमच्या काड्या मांडते. तासभर तयारी होते, मूल दहा मिनिटं चिकटवतं आणि उरलेली दुपार फरशीवरची चमकी गोळा करण्यात जाते. त्यातून झालेली पुठ्ठ्याची माशी तिसऱ्या दिवशी फ्रिजमागे सापडते.

माझं म्हणणं थोडक्यात असं : मोठ्यांनी एकतर गडी म्हणून डावात बसावं, नाहीतर बाजूला व्हावं. मागे उभं राहून ‘असं नाही, असं कर’ म्हणणाऱ्याची जी जागा आहे, ती मोकळी ठेवावी. पुस्तकातल्या खेळांची निवड याच कसोटीवर केली आहे. ज्यात मोठ्या माणसाला खरोखर हरण्याची शक्यता आहे, ते खेळ आधी घेतले. जे मूल एकट्याने, कुणी न बघता करत राहील, ते नंतर. फक्त कौतुकासाठी केलेलं काही यात घेतलेलं नाही.

पूर्वी हा प्रश्न का पडत नव्हता, याचं उत्तर खेळण्यांत शोधून सापडणार नाही. वाड्यात किंवा चाळीत चार ते पंधरा वर्षांची दहा-बारा पोरं सहज असत. त्यात मामाकडे, आत्याकडे आलेली भर. थोरली मुलं धाकट्यांना खेळवत, म्हणजे मुख्यतः राबवून घेत. अगदी लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ करून घेत. तो डावात असे, धावे, ओरडे, पण बाद झाला तरी धरत नसत. सगळ्यांना सामावून घ्यायची इतकी सोपी युक्ती कुठल्याही बालमानसशास्त्रज्ञाला न विचारता पोरांनीच काढली होती. मोठी माणसं जेवून आडवी होत आणि त्यांची सूचना एकच असे, ‘दंगा नको.’

त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलीची सुट्टी पुष्कळदा स्वयंपाकघरात संपायची. सागरगोटे, काचापाणी, भातुकली हे ‘मुलींचे खेळ’ ठरले, त्यामागे त्या घराच्या आत, हाकेच्या टप्प्यात राहाव्यात ही सोय होतीच. या पुस्तकात हे खेळ मुलगे-मुली असा भेद न करता दिले आहेत. सागरगोट्यांत हाताची आणि नजरेची जी चपळाई लागते, ती पाहून क्रिकेटवेड्या मुलांचीही तोंडं बंद होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकच मूल असतं, किंवा दोन असतात आणि त्यांच्यात सहा वर्षांचं अंतर असतं. खेळण्यांनी कपाट भरलेलं असतं. कमी असतात ते गडी. म्हणून आई, बाबा, आजी, समोरच्या घरातली कॉलेजला जाणारी ताई यांनीच भिडू व्हायचं. आणि भिडू व्हायचं तर जिंकण्यासाठी खेळायचं. मुद्दाम हरणारा मोठा माणूस मुलाला दुसऱ्याच डावात कळतो आणि तिसरा डाव मांडायला ते येत नाही.

पत्त्यांपासून सुरुवात केली, त्याचं कारण हेच. पन्नास-शंभर रुपयांच्या जोडात अख्खा मे महिना निघतो. पत्ते म्हणजे जुगार, ही भीती कित्येक घरांत अजून आहे. पैसे लावू नयेत, एवढं पथ्य पुरेसं आहे. दोघांसाठी भिकार-सावकार आहे. त्यात डोकं लागत नाही, त्यामुळे पाच वर्षांचं मूलही बापाला भिकारी करू शकतं. चौघांसाठी बदाम सात आणि मेंढीकोट. पाच-सहा जण असतील तर झब्बू, आणि झब्बू देताना जो आनंद होतो त्याला वयाची अट नाही. पण आजच्या घराला सगळ्यांत बेतशीर बसतो तो पाच-तीन-दोन, कारण त्याला बरोबर तीन माणसं लागतात.

त्याची रचना जरा जवळून पाहण्यासारखी आहे. ५२ पत्त्यांतून अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची चारही रंगांची पानं घ्यायची. ती होतात २८. त्यात इस्पिक आणि बदाम सत्ती घातली की ३०. तिघांना दहा-दहा. एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, एकाने दोन, बेरीज दहा. पाचवाल्याने पहिली पाचच पानं पाहून हुकूम बोलायचा, उरलेली पानं त्यानंतर वाटायची. अर्धीच माहिती हातात असताना निर्णय घ्यायचा आणि मग तो निभावायचा, ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलाला दुसरीकडे कुठे शिकायला मिळते मला माहीत नाही. ज्याचे हात कमी पडले, त्याच्या पानांतून पुढच्या डावात ज्याचे जास्त झाले तो न बघता पान ओढणार आणि बदल्यात आपल्याकडचं भिकार पान त्याच्या गळ्यात मारणार. एक्का ओढला गेला की मुलाचा चेहरा बघावा. त्या वेळी सांत्वन करू नये. पुढच्या डावात तेच मूल बापाचा गुलाम ओढतं.

सात-आठ वर्षांच्या मुलांना एक खरी अडचण येते. त्यांच्या मुठीत दहा पानं पंख्यासारखी राहत नाहीत. गळतात, उघडी पडतात, मग रडारड. बुटाच्या खोक्याचं झाकण उलटं करून त्याच्या तळाला लांब चीर पाडावी आणि तिच्यात पानं उभी खोचावीत. कपडे वाळत घालायच्या चिमट्यानेही काम भागतं. त्यांच्यासाठी ‘सोपे खेळ’ शोधण्यापेक्षा हे बरं, कारण मुलांना मोठ्यांचाच खेळ खेळायचा असतो.

पत्त्यांच्या खालोखाल जागा मी अष्टाचंगला दिली आहे. कुणी त्याला चल्लस-आठ म्हणतं, नावं गावोगाव वेगळी. खडूने पाच बाय पाच अशी पंचवीस घरं आखायची. चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यात फुल्ली. फुल्लीच्या घरात कुणी कुणाला मारायचं नाही. सोंगट्या बाहेरच्या सोळा घरांतून एका दिशेने फिरतात, मग आतल्या आठ घरांतून उलट्या दिशेने, आणि शेवटी मधल्या घरात जातात. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरायला मिळत नाही. या एका नियमामुळे सज्जनपणे, बाजूबाजूने खेळणाऱ्यांची पंचाईत होते.

सोंगट्यांना बटणं, शेंगांची टरफलं, काहीही चालतं. फाशांना कवड्या नसतील तर चिंचोके घ्यायचे. चार चिंचोके एका बाजूने फरशीवर घासत राहायचे, काळं साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत. यात निम्मी दुपार जाते आणि ती चांगली जाते. घासून घासून चिंचोका तापतो, तो हळूच शेजारच्याच्या दंडाला टेकवून चटका द्यायचा, हा या खेळाचा अलिखित पूर्वार्ध आहे. मग चारही चिंचोके टाकायचे. जितके पांढरे वर, तितकं दान. सगळे काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना इथे एक उद्योग देता येतो. कुठलं दान किती वेळा पडतं याच्या रेघा वहीत ओढायला सांगाव्यात. चार चिंचोके उलटेसुलटे पडण्याच्या तऱ्हा सोळा. त्यांतल्या सहांत दोन पडतात, चारांत एक, चारांत तीन. चार आणि आठ एकेकाच तऱ्हेत. म्हणजे आठाचं दान दुर्मीळ का, हे कागदावर कळतं. पण मुलांच्या वहीतल्या रेघा या हिशेबाशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण हाताने घासलेला चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. ‘माझा चिंचोका लबाड आहे’ हा शोध मुलाने स्वतः लावला, तर संभाव्यतेचा धडा नववी-दहावीत त्याला जड जाणार नाही. नाही लावला तरी डाव रंगतोच.

असे पट आखून खेळायची हौस फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेले पट दिसतात. तिथे कोण, कधी खेळत बसलं असेल याची कल्पना मुलांनी करावी. सापशिडीही आपलीच, तिचं मूळ असलेल्या मोक्षपटाशी परंपरा ज्ञानेश्वरांचं नाव जोडते. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असा तो पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला गेला आणि त्यातला मोक्ष गळून नुसते आकडे उरले. मुलांना स्वतःचा मोक्षपट करायला सांगून पाहा. सापांच्या तोंडी ती कुठले दुर्गुण लिहितात ते वाचून घरातली मोठी माणसं जरा गप्प होतात. ‘जेवताना फोन बघणे’ हा साप बराच लांब असतो.

या विषयावर आधी कुणी काम केलं नाही, असं मुळीच नाही. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून संपादित केलेला ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांचा आहे. त्या कामापुढे हे पुस्तक म्हणजे चोपडं आहे. फरक इतकाच, की ते जतन करण्यासाठी लिहिलं होतं आणि हे तेलकट हातांनी चाळण्यासाठी आहे.

हातांनी करायच्या गोष्टींसाठी अरविंद गुप्तांचं ऋण मान्य करायला हवं. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याचं त्यांचं काम पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं चाललं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा खेळ मला सगळ्यांत आवडतो. व्हॉल्व्हट्यूबचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे करायचे, काड्यांचा गूल खरवडून टाकायचा आणि त्या तुकड्यांत दोन्हीकडून काड्या खुपसायच्या. चार काड्यांचा चौकोन केला तर तो बोटाने ढकलताच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण ढकला, हलत नाही. चौकोनात एक कर्णाची काडी घाला, तोही गप्प बसतो. पुलाला, विजेच्या मनोऱ्याला, शेडच्या छपराला इतके त्रिकोण का असतात, हे त्या दिवसापासून मुलाला दिसायला लागतं. साहित्याचा खर्च चहाच्या कपाइतका. व्हॉल्व्हट्यूब मात्र सायकलच्या दुकानातूनच आणावी लागते आणि दुकानदाराला ती कशाला हवी हे सांगावं लागतं. ते काम मुलावर सोपवावं.

स्वयंपाकघराचं प्रकरण मी भीतभीत लिहिलं आहे. उन्हाळा म्हणजे वाळवणं. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, निवळून चीक काढायचा आणि पहाटे शिजवायला घ्यायचा. यात मुलांची कामं ठरलेली असत. वाटीभर गरम चीक खाणं, पापडाच्या लाट्या पळवणं आणि गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकलणं. आता गच्चीला सोसायटीचं कुलूप असतं आणि कुरडया बचतगटाकडून येतात. ते सोयीचंच आहे. तरी किलोभर साबुदाण्याच्या पापड्या बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या कागदावर होतात. मुलांना खरं काम आणि लुटुपुटीचं काम यातला फरक चटकन कळतो. ज्या पापड्या पावसाळ्यात खरोखर तळल्या जाणार आहेत, त्या घालायला ती पहाटे उठतात. गोलाई बिघडली तर बिघडू द्यावी. वेड्यावाकड्या पापड्याही तितक्याच फुलतात. शिजता चीक आणि गरम पातेलं मात्र मोठ्यांच्याच हाती असावं.

वाचनाबद्दल थोडंच सांगतो, कारण ज्याला त्याची गोडी लागली आहे त्याची दुपार हा कुणाचाच प्रश्न नसतो. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही मुलांना जेवणावरून उठवतो. मोठ्याने वाचून दाखवणं मात्र शाळेत जायला लागलेल्या मुलांच्या बाबतीत आपण फार लवकर बंद करतो. दहा वर्षांच्या मुलालाही ऐकायला आवडतं. ते कबूल करत नाही, इतकंच.

मोबाइलचा विषय टाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहानग्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एक वर्षाच्या आतल्या बाळांना पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. सूचना योग्य आहेत. पण दोघंही कामावर जाणाऱ्या, पाळणाघराची फी न परवडणाऱ्या घरात दुपारी दोन वाजता मोबाइल काय काम करतो हे ठाऊक असल्याने मी कुणाला उपदेश करणार नाही. एवढंच सांगेन, की तो हिसकावून घेण्याने काही साधत नाही. हातातला पडदा खाली ठेवावासा वाटेल असा डाव समोर मांडलेला असेल, आणि त्यात एक जागा मोकळी असेल, तर मूल येतं. दर वेळी येत नाही, आणि पहिल्या दोन दिवसांत तर नाहीच.

आता भांडणांविषयी. या पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक खेळ भांडणापर्यंत जातो. चिंचोका उभा राहिला तर दान धरायचं का? पान चुकून खाली पडलं आणि सगळ्यांनी पाहिलं तर? सोंगटी फुल्लीवर होती की रेघेवर? अशा वेळी मोठ्यांना पंच व्हायचा मोह होतो. होऊ नये. तुम्ही डावात असाल तर तुम्हीही तावातावाने भांडा. नसाल तर शेजारच्या खोलीत राहा. अर्धा तास चाललेलं भांडण हा खेळाचाच भाग असतो, आणि त्यातून जो नियम ठरतो तो त्या घराचा होतो. म्हणून प्रत्येक खेळाच्या शेवटी अर्धं पान कोरं सोडलं आहे. तिथे आपापले नियम लिहावेत. छापलेला नियम आणि घरचा नियम यांत तंटा झाला तर घरचा नियम धरावा.

दोन सूचना. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके, बटणं, सागरगोटे, कवड्या खेळ संपताच मोजून डब्यात भराव्यात. ही मुलं सगळं तोंडात घालतात आणि घशात अडकायला एक चिंचोका पुरतो. काचापाणी मूळ काचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांनी खेळतात. लहानांसाठी प्लास्टिकच्या बांगड्या कापून घ्याव्यात. खेळ तोच राहतो : तुकडे रिंगणात टाकायचे आणि दुसऱ्याला धक्का न लावता एकेक बोटाने बाहेर काढायचा.

शेवटचं प्रकरण विदर्भातल्या मुलांसाठी आहे, बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या महिनाअखेरीकडे सरकतात. पुण्या-मुंबईची भावंडं परत गेलेली असतात, आंबे संपत आलेले असतात, पाऊस आलेला नसतो आणि पत्त्यांची पानं मऊ पडलेली असतात. या दिवसांसाठी मी एक लांबलचक काम सुचवलं आहे : आपल्याच गावाचा ‘व्यापार’ तयार करणं. विकतच्या व्यापारात मुंबई, दिल्ली, कोलकाता असतात. इथे आपल्या गल्ल्या, चौक, बाजार, बसस्थानक, तलाव घ्यायचे. पुठ्ठ्यावर घरं आखायची, नोटा स्वतः रंगवायच्या, प्रत्येक जागेची किंमत आणि भाडं ठरवायचं. त्यासाठी आजोबांना विचारावं लागतं, किराणावाल्याला विचारावं लागतं. रसवंती कलेक्टर कचेरीपेक्षा महाग असावी की स्वस्त, यावर एक सकाळ जाते. ‘नशीब’ आणि ‘संधी’च्या चिठ्ठ्यांत काय लिहायचं, याला आणखी दोन दिवस. प्रकरणात रिकाम्या पटाचा आराखडा दिला आहे. त्याच्या झेरॉक्स काढून घ्याव्यात, कारण पहिला पट बहुधा पन्ह्याने खराब होतो.